बाबांचा भोकं पडलेला सदरा

थंडी पडली, सकाळी ट्रॅक्टर कुरकुरायला लागले, म्हणून ही आठवण लिहितोय.

1998 चा डिसेंबर. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्याकडं. जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. थंडीत आमच्या भागात पारा 5-6 अंशांवर येतो. अशा गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं. त्या दिवशी कापसाची ट्रॉली भरून तयार, आदिलाबादच्या मार्केटला निघायचं, आणि सेल्फ मारला तर नुसतं 'टक्'.

घरी जुना चार्जर होता. त्याच्या नॉबला तीन जागा: स्लो, फास्ट, स्टार्ट. बाबा आंघोळीला गेले होते. मी बारावीतला शहाणा. म्हटलं, स्टार्टवर ठेवलं की लवकर चार्ज होईल. घरातला बल्ब मंद झाला, तरी मला काही कळलं नाही. अर्धा तास तसाच ठेवला.

बाबा आले, बॅटरीवर वाकले आणि ओरडले, "अबे, हे उकळून राहिलं! बंद कर!"

मी घाबरून स्विचऐवजी चिमटाच ओढला. ठिणगी उडाली, फटाक्यासारखा आवाज झाला आणि ॲसिड बाबांच्या तोंडावर उडालं.

आजीनं त्यांना गोठ्यातल्या हौदाशी नेलं आणि पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांवर पाणी ओतत राहिली. मग डॉक्टरकडं. ते म्हणाले, पाण्यानं डोळे वाचले. सदऱ्याची मात्र चाळणी झाली.

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, जास्त करंट दिला की जास्तच. त्याला एक ठिणगी पुरते. स्टार्टची जागा फक्त सेल्फ मारण्यापुरती असते, चार्जिंगसाठी नाही, हे मला नंतर बाबांनीच शिकवलं. पट्टी निघाल्यावर मला जवळ बसवून त्यांनी माझ्याकडून हे पाठ करून घेतलं:

आधी चार्जर बंद. 12 व्होल्टवर आहे का बघ. लाल चिमटा प्लसला, काळा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. मग स्विच. काढताना आधी स्विच बंद, मग काळा, शेवटी लाल. 80 ची बॅटरी असेल तर 8 आंपियरवर रात्रभर. घाई असली तर थोडा वेळ चार्ज करून मग स्टार्टवर घ्यायचं, सेल्फ पाचेक सेकंदच मारायचा, मधे दोन-तीन मिनिटं थांबायचं. इंजिन सुरू झालं की लगेच चार्जर बंद. बिडी लांब, जागा मोकळी, डोळ्यावर चष्मा.

गावात कोणी विचारलं की बाबा सांगायचे, "बॅटरी जुनी होती, फुटली." माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. आज बाबा नाहीत, म्हणून मीच सांगतो: चूक माझी होती.

तो सदरा आईनं जपून ठेवला होता. आता तो चार्जरशेजारी खिळ्याला टांगलाय. मागच्या आठवड्यात माझ्या पोरानं चिमटा हातात घेतला, सदऱ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, स्विच बंद आहे ना?"

मंडळी, तुमच्या घरीही पोरांना एवढं नक्की शिकवा.