निर्वृक्ष

कांहीं स्थळांचीं नांवें तेथें जें आहे त्यावरून पडतात, कांहींचीं जें नाहीं त्यावरून. आपल्याकडील वडगांव, पिंपळगांव हीं पहिल्या जातीचीं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत पसरलेलें नलारबोरचें मैदान दुसऱ्या जातीचें. १८६० च्या दशकांत एडमंड डेलिसर नांवाच्या मोजणीदारानें लॅटिन भाषेंतील दोन शब्द जोडून हें नांव केलें. त्याचा अर्थ ‘एकही झाड नाहीं’. संस्कृतांत सरळ ‘निर्वृक्ष’ म्हणावें.

गतवर्षीं आषाढांत हें मैदान ओलांडण्याचा योग आला. माझ्या चिरंजीवांची बदली पर्थहून ॲडलेडला झाली. सूनबाई बिऱ्हाड लावण्यासाठीं विमानानें पुढें गेल्या. मुलगा, नऊ वर्षांची नात आणि मी असे तिघे मोटारीनें निघालों. अंतर सुमारें २७०० किलोमीटर. या प्रवासांत एका प्रश्नाचा निकाल लागावा, अशी मुलाची इच्छा होती. माझी पत्नी वारल्यास तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं आणि वाईच्या घरांत मी एकटाच राहत होतों. ‘नाना, घर विकून कायमचे इकडे या,’ असें त्याचें म्हणणें. त्यांत लोकाचाराचा भाग नव्हता. खरी काळजी होती. म्हणूनच उत्तर देणें जड जात होतें.

नॉर्समन हें गांव सोडलें म्हणजे आयर महामार्ग पूर्वेस वळतो. बॅलाडोनिया आणि कैगुना यांच्या दरम्यान १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाहीं. दोन्ही बाजूंस खुरटी झुडपें, वर आकाश, आणि मध्यें ओळंबा धरून आखल्यासारखी काळी रेघ. पेट्रोल आणि अन्न मिळण्याचीं ठिकाणें इतकीं विरळ, कीं एक सोडल्यावर दुसरें येईतों कधींकधीं १८० किलोमीटर जातात. रस्त्यावर एके ठिकाणीं रुंद पांढरे पट्टे आखलेले दिसले. ते कशासाठीं, असें नातीनें विचारतां मुलानें सांगितलें, कीं आजारी माणसाला नेण्यास येणारें विमान येथें रस्त्यावरच उतरतें. कैगुनाच्या पुढें घड्याळ पाऊण तास पुढें करावें लागलें. कोणत्याही कायद्यानें ही वेळ ठरविलेली नाहीं. त्या चार-सहा वस्त्यांतील लोकांनीं आपल्या सोयीनें ती पाळली आहे, एवढेंच.

हें मैदान सुमारें दोन लक्ष चौरस किलोमीटरांचें. एके काळीं हा समुद्राचा तळ होता. सागरी जीवांच्या कवचांचा चुनखडीचा थर सांचला आणि कालांतरानें वर आला. पाऊस मुळांत थोडा, आणि पडेल तो या सच्छिद्र दगडांत मुरून जातो. त्यामुळें येथें नदी नाहीं. जें पाणी आहे तें खोल, गुहांच्या पोटांत.

रात्रीं युक्ला येथें मुक्काम पडला. नातीस गोष्ट हवी होती. ज्याचें नांव त्या रस्त्यास आहे, त्या एडवर्ड जॉन आयरची गोष्ट मीं सांगितली. १८४१ सालीं हा इंग्रज आम्ही जात होतों त्याच्या उलट दिशेनें, पायीं व घोड्यांवर, या किनाऱ्यानें गेला. पाण्यासाठीं त्यानें पहांटे पानांवरचें दंवही टिपून घेतलें. वाटेंत त्याच्या दोन आदिवासी सोबत्यांनीं बॅक्स्टर या त्याच्या सहकाऱ्याचा वध करून शिधा पळविला. खालीं अखंड खडक. थडगें खणतां येईना. घोंगडींत गुंडाळून प्रेत तेथेंच ठेवावें लागलें. पुढें आयरबरोबर उरला तो वायली नांवाचा आदिवासी तरुण. दोघे जुलैमध्यें आल्बनीस पोंचले.

नात म्हणाली, “आजोबा, वायलीचें घर कुठें होतें?”

“आल्बनीलाच.”

“म्हणजे आयर शोध लावायला चालला होता, आणि वायली घरीं चालला होता!”

चाळीस वर्षें मुलांना शिकविलें, परंतु ही गोष्ट अशी कोणीं मांडलेली मीं ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं खरें निर्वृक्ष मैदान लागलें. मनांत आलें, कीं याला ‘नाहीं’ या शब्दानें ओळखलें तें परक्यानें. मिर्निंग लोक येथें पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. कूनाल्डाच्या गुहेंत भिंतींवर बोटांनीं ओढलेल्या रेघा वीस हजार वर्षांपूर्वींच्या आहेत. वाळूच्या टेंकड्यांत कोठें खणलें असतां गोडें पाणी लागतें, हें आयरला इकडील रहिवाशांनींच दाखविलें होतें. त्यांच्या दृष्टीनें ही भूमि रिकामी कशी असेल?

‘हेड ऑफ बाइट’ येथें आम्ही समुद्रकांठीं थांबलों. हिंवाळ्यांत दक्षिणेच्या थंड समुद्रांतून देवमासे येथें पिलें घालण्यास येतात. एक प्रचंड मादी पिलासह अगदीं जवळ संथ तरंगत होती. नात कठड्यापाशीं धांवली. तेव्हां मुलानें विषय काढला. “नाना, वाईला आतां आहे तरी कोण?”

पुन्हां तोच हिशेब. जें नाहीं त्याचा. गेलीं कांहीं वर्षें मीही स्वतःला तसेंच मोजीत आलों होतों. विधुर म्हणजे ज्याची धुरा गेली तो. पत्रांखालीं सही ‘निवृत्त शिक्षक’ अशी. परंतु ‘नि’ आणि ‘निर्’ हे निराळे उपसर्ग आहेत, हें मीं किती विद्यार्थ्यांच्या कानीं-कपाळीं ओरडून सांगितलें असेल! ‘निर्वृक्ष’ मध्यें अभाव आहे. ‘निवृत्त’ मध्यें नाहीं. निवृत्त म्हणजे परतलेला. आणि परतण्यास जागा असावी लागते.

मीं त्याला वाईला काय आहे तें सांगितलें. त्याच्या आईनें लावलेला प्राजक्त आहे. सकाळीं घाटावर भेटणारे तिघे समवयस्क आहेत. शब्दरूपें शिकण्यास येणारीं दोन मुलें आहेत, आणि एक दिवस दार उघडलें नाहीं तर भिंतीपलीकडून हांक मारणारीं शेजारचीं माणसें आहेत.

तो बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आणि आम्ही?”

“तुम्ही आहांतच. वर्षाचे चार महिने येत जाईन. उन्हाळ्यांत.”

त्याला हंसूं आलें. “तुमच्या उन्हाळ्यांत, कीं आमच्या?”

त्या ‘आमच्या’ शब्दानें त्याचें घर कोठें आहे हें सहज सांगून टाकलें होतें. ऐकून क्षणभर चुटपुट वाटली, पण वाईट वाटलें नाहीं.

“आमच्या,” मी म्हणालों.