नवऱ्याला भेट, आणि तीही २५ डिसेंबरला!

आमचे हे रेल्वेत गँगमन आहेत. आता कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर म्हणतात, पण हातातला हातोडा आणि पायाखालची खडी तीच. ह्यांची ड्युटी दौंडला, क्वार्टरही दौंडला. आम्ही शिरूरला एका पतसंस्थेत कारकून. सासूबाई आणि मुले शिरूरला आमच्याजवळ. म्हणजे संसार एक आणि चुली दोन. सुट्टीला कधी हे न्हावऱ्यावरून एसटीने शिरूरला येतात, कधी आम्ही डबा बांधून दौंडला जातो. एकवीस वर्षे असेच चालले आहे.

दौंडला शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. भावजी ह्यांच्याच गँगमध्ये. दोन वर्षांपूर्वीच्या नाताळला आम्ही तिथे होतो. शेजारच्या वहिनी करंज्या, चकल्या आणि केकचे ताट घेऊन आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या ह्यांना औंदा स्वेटर विणला. दर नाताळला काहीतरी देतेच. तुम्ही भावजींना काय देता?"

आम्ही हसून म्हणालो, "वहिनी, आमच्यात नाताळ नसतो."

"नाताळ नसतो, पण नवरा तर असतो ना?"

ह्यावर आम्हांला काही सुचले नाही. हे चुलीपाशी चहा गाळत होते. त्यांनी ऐकले, पण मान वर केली नाही.

एसटीत बसल्यावर आम्ही आठवायला लागलो, की ह्यांना आम्ही आजवर दिले काय? लग्नात आम्ही बारावी झालेलो. पुढे शीक असे हेच म्हणाले. फीचे पैसे ह्यांनी भरले. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की झोपायच्या आधी थोरलीला मांडीवर घेऊन बसत, म्हणजे आम्हांला अकाउंट्सची गणिते सोडवता यावीत. अशी आमची बी.कॉम. झाली. आणि आम्ही? डबा दिला, कपडे धुतले, आजारपण काढले. पण हे घ्या, तुमच्यासाठी आणले, असे म्हणून हातात काही ठेवलेले एकदाही आठवेना. वाढदिवसाला द्यावे, तर ह्यांचा वाढदिवस १ जूनचा, म्हणजे शाळामास्तरांनी आपल्या मर्जीने लिहिलेला. अर्ध्या गावाचा तोच आहे.

तेव्हा ठरवले, पुढच्या २५ डिसेंबरला द्यायचे. महिला मंडळात बोलून दाखवले तर एकजण फटकन म्हणाली, "ताई, तुम्हीच नाताळ करायला लागलात तर बाकीच्यांनी काय करायचं?" बोलणे झोंबले, पण चुकीचे नव्हते. आपल्या घरात २५ डिसेंबर म्हणजे मनुस्मृती दहन दिन. १९२७ साली महाडच्या सत्याग्रह परिषदेत त्या दिवशी सहस्रबुद्ध्यांनी ठराव मांडला आणि रात्री पुस्तक जाळले, हे आपल्या घरातल्या पोरासोरांना पाठ आहे. दरवर्षी त्या दिवशी आम्ही भाषण करतो. गेल्या वर्षी भाषणाची टिपणे काढायला बसलो आणि आठव्या अध्यायातल्या त्या एका नियमापाशी येऊन थांबलो. बायको, मुलगा आणि दास ह्या तिघांना स्वतःचे धन नसते, ते जे कमावतील ते ज्याचे ते असतील त्याचे, असा तो नियम. व्यासपीठावरून आम्ही हा कितीतरी वेळा सांगितला असेल. टाळ्याही घेतल्या. त्या रात्री मात्र वेगळेच डोक्यात आले. जिला स्वतःचे धनच नाही, ती नवऱ्याला भेट देणार कशातून? तिने आणलेली वस्तू आधीच त्याची. त्याचीच वस्तू त्याला दिली, तर ती भेट कसली?

आणि हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. ज्या विलायतेतून साहेबांचा नाताळ आपल्याकडे आला, तिथेही १८७० चा कायदा होईपर्यंत लग्न झालेल्या बाईची मजुरी कायद्याने नवऱ्याची होती. इंग्रजी विषयाला ओ. हेन्री ह्या अमेरिकन लेखकाची 'गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही १९०५ सालची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. गरिबाची बायको नवऱ्याच्या घड्याळाला साखळी घ्यायची म्हणून आपले केस विकते. इकडे नवऱ्याने तिच्या केसांना कंगवे घ्यायला घड्याळच विकलेले असते. मास्तर आम्हांला त्यातले प्रेम समजावून सांगत. आता वाटते, त्या बाईजवळ वाणसामानात घासाघीस करून साठवलेला एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट होता, आणि तोही नवऱ्याच्या पगारातला. स्वतःचे म्हणावे असे तिच्याजवळ डोक्यावरचे केसच होते. तेच तिने विकले.

मग आम्ही आमची पर्स उघडून पाहिली. वाचक भगिनींनो, लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमचा पगार आमच्या नावच्या खात्यात जमा होतो. पतसंस्थेत दिवसभर आम्ही बचत गटाच्या बायकांची पासबुके भरतो. खाते तुमच्या नावाचे ठेवा, सही स्वतः करा, असे त्यांना बजावून सांगतो. आणि आमचे एटीएम कार्ड मात्र दौंडला, ह्यांच्या शर्टाच्या खिशात! घराचे हप्ते सुरू झाले तेव्हा सोय म्हणून दिले होते, ते तिथेच राहिले. महिन्याच्या महिन्याला आम्ही खर्चाला मागायचे आणि ह्यांनी मोजून द्यायचे. ह्यांनी हिसकावून घेतले नव्हते, आणि दारूत वगैरे उडवतात असेही नाही. हप्ता एकदा चुकला नाही. पण ह्यांच्यासाठी भेट घ्यायची, तर पैसे ह्यांच्याकडेच मागायचे अशी आमची गत. ज्या बायांसमोर आम्ही भाषण करणार होतो, त्यांच्यात नि आमच्यात फरक तो एवढाच, की आमच्या हातात माईक होता.

डिसेंबर लागला तेव्हा फोनवर सांगितले, "ह्या महिन्याच्या आमच्या पगारातले पंधराशे रुपये आम्हांला हवेत. कशाला ते विचारू नका."

"विचारू नको म्हणजे? हिशेब लागायला नको?"

"हिशेब लागणार नाही."

पलीकडे बराच वेळ शांत. मग फोन ठेवल्याचा आवाज. दोन दिवस फोन नाही. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, भांडान केलं का काय?" आम्ही म्हणालो, "नाही आत्या, पगार मागितला." त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी उभा जन्म दुसऱ्याच्या शेतात खुरपले, आणि हजेरीचे पैसे मामंजीच घेऊन येत. तिसऱ्या दिवशी हे आले, पंधराशे रुपये ओट्यावर ठेवले, जेवले आणि परत गेले.

आता घ्यायचे काय? थर्मास घ्यावा असे प्रथम मनात आले. थंडीत रूळ आकसतात, जोडावर ताण येतो, चीर पडू शकते, म्हणून हिवाळ्यात रात्री पायी गस्त असते. सोबत नेलेला चहा तासाभरात गार होतो. शेजारच्या वहिनींना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अहो, बत्ती, झेंडे, फटाके, अवजारं, काय कमी ओझं असतं का? रात्रभर चालणाऱ्याच्या हातात आणखी जड काही देऊ नका." चालणाऱ्याचे दुःख चालणाऱ्याची बायकोच जाणे! घड्याळ घ्यावे तर मोबाईल आहे. स्वेटर घ्यावा तर वहिनींची नक्कल केल्यासारखे होईल.

शेवटी बूट ठरले. ड्युटीचे जाड बूट रेल्वे देते, पण ते काढले की ह्यांच्या पायांत झिजलेली चप्पल. पायांना भोवऱ्या. आणि १ जानेवारीला पेरणे फाट्याजवळ विजयस्तंभाला मानवंदना द्यायला हे त्याच चपलेवर जातात. गाड्या लांबच अडवतात, बरेच चालावे लागते. ३१ डिसेंबर १८१७ ला शिरूरहून निघालेली पलटण रात्रभर चालून सकाळी कोरेगावला पोहोचली, असे हे मुलांना दरवर्षी सांगतात आणि स्वतः टाच घासत चालतात.

दुकानदाराने नंबर विचारला. एकवीस वर्षे संसार करून नवऱ्याच्या पायाचा नंबर आम्हांला माहीत नव्हता! घरी येऊन ह्यांची एक जुनी चप्पल वर्तमानपत्रावर ठेवली, पेन्सिलीने कड ओढली, कागद घेऊन पुन्हा दुकानात गेलो. मऊ तळव्याचे काळे बूट मिळाले, तेराशे पन्नासला.

२५ तारखेला सकाळी शिरूरला कार्यक्रम झाला. भाषणात आम्ही कार्डाची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या नाहीत. दोघीतिघी मात्र नंतर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, आमचं बी तसंच हाय." दुपारच्या एसटीने दौंडला गेलो. शेजारी तारेचा कंदील लावलेला, वहिनींची लगबग चाललेली. ह्यांनी खोके उघडले. बूट हातात धरून उलटेसुलटे पाहिले.

"केवढ्याला?"

"सांगणार नाही."

"अगं, पण केवढ्याला?"

"आमच्या पैशांचे आहेत."

ह्यांनी बूट घातले, दोन पावले चालले. डावा जरा आवळत होता. म्हणाले, "पावती आहे का? बदलून आणू." पावती पर्समध्येच होती, पण तिच्यावर किंमत! आम्ही नाही म्हणालो. शेवटी स्टेशनजवळच्या बूट दुरुस्तीवाल्याकडून डावा सैल करून घेतला. त्याने तीस रुपये घेतले, ते ह्यांनी दिले.

१ जानेवारीला ह्यांनी ते बूट घातले. गर्दीत चालताना दोनदा विचारले, "केवढ्याला घेतले, आता तरी सांग." कार्डाचे आम्ही त्या दिवशी काढले नाही. पगार झाल्यावर काढले. "माग की, कोण नाही म्हणतंय?" असे म्हणाले आणि खिशातून काढून दिले. पिन मात्र ह्यांनाच पाठ होता. तो आम्ही दुसऱ्याच दिवशी बँकेत जाऊन बदलला. नवा पिन ह्यांना अजून सांगितलेला नाही. हे विचारतात, आम्ही विषय बदलतो.