भुकेचा निरोप

आमच्या भाचीने ताट मागे सारावयास सुरुवात केली, तेव्हा आम्ही तिला हट्टी ठरविले. रागावलो, उपदेश केला, अबोलाही धरला. ती सर्वांसाठी शिरा करी, आग्रहाने वाढी आणि स्वतः चाखतही नसे. ते आम्हांस नाटक वाटले. या व्याधीस ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात, हे आम्हांस फार उशिरा कळले.

तिला भूकच नसावी, अशी आमची समजूत. डॉक्टरांनी ती दूर केली. १९९९ साली जपानी संशोधकांनी जठरात ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक शोधले. भुकेचा निरोप ते मेंदूस पोचविते. अशा रोग्यांच्या रक्तात ते बहुधा वाढलेलेच असते; मेदातून येणारे, तृप्ती कळविणारे ‘लेप्टिन’ घटलेले असते. देह अन्न मागतच असतो. मेंदूत घर केलेली अन्नाची भीती त्या हाकेवर मात करते. सेरोटोनिन, डोपामिन या द्रव्यांचा तोलही ढळलेला आढळतो.

आणि उपासमार स्वतःच मन पालटते. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुण एका प्रयोगासाठी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. ते उदास व चिडखोर झाले. काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले!

हे वाचले आणि तो शिरा आम्हांस आठवला.

उपचारांनंतर आता ती थोडे थोडे जेवते. आम्ही शेजारी बसतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी बोलतो. तिच्या ताटाकडे मात्र पाहत नाही.