गाडीचं नाक

वांगणी म्हटलं की मुंबईकडच्या दोस्तांना बदलापूरपुढचं स्टेशन आठवतं. आमची वांगणी जव्हारकडची. इथे रेल्वे नाही. पाऊस सरला की लाल धूळ मात्र रग्गड!

गेल्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाची एसटी चुकली. त्याला माझ्या जुन्या मोटरसायकलवर घेऊन निघालो. चढावर गाडी पिकअप घेईना. काळा धूर सोडून बंदच पडली. ढकलत, धापा टाकत पोचलो, तेव्हा घंटेला ५ मिनिटं होती. चूक माझीच. मेस्त्री दोनदा म्हणाला होता, “गुरुजी, एअर फिल्टर बघा.”

संध्याकाळी दोघांनी मिळून तो उघडला. आतल्या स्पंजात पिठासारखी धूळ! मुलांनो, १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. वाट तुंबली, की ते अर्धवट जळतं, म्हणून काळा धूर. स्पंज साबणाच्या पाण्यात दाबून धुवायचा, पिळायचा नाही. पेट्रोलने तर मुळीच धुवायचा नाही. सावलीत वाळवून थोडं ऑइल चोळायचं. धूळ त्याला चिकटते. (कागदी फिल्टर असेल, तर धुवायचा नाही, बदलायचा.) आमचा स्पंज हातातच फाटला. नवा आणला.

आता शनिवारी शाळा सुटली की तो विचारतो, “गुरुजी, गाडीचं नाक धुवायचं ना?”