वर्षभर म्हणजे किती?

अण्णांचा फुप्फुसाचा कर्करोग मणक्यात उतरल्याचं कळलं, तेव्हा मी डॉक्टरांना एकच विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "साधारण वर्षभर." ते वर्ष मी तारखेसारखं धरून बसलो. गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला पाठवायचा होता. वर्षासाठी कशाला म्हाताऱ्याचे हाल, म्हणून मीच नको म्हटलं. अण्णांना सांगितलं, टीबीच आहे. आधी टीबीच्याच गोळ्या चालू होत्या, त्यामुळे त्यांना पटलं. दीड महिना असा मी घालवला. ते आज कबूल करतो.

अखेर परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई गाठली, परळच्या टाटा हॉस्पिटलात गेलो. तिथं कळलं, की वर्षभर हा मध्य आहे. शंभरातले पन्नास त्याच्या आत जातात, पन्नास पुढे जगतात, काही बरेच पुढे. शिवाय प्रत्येक गाठीचा मध्य वेगळा. अण्णांनी कधी विडी ओढली नव्हती. अशांच्या गाठीत ईजीएफआर जनुकातला बदल जास्त सापडतो. त्यांच्याही सापडला. त्यावर गोळी आहे. टाटामधल्याच वनिता नोरोन्हा, कुमार प्रभाष यांच्या गटानं ३५० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. नुसत्या गेफिटिनिबच्या गोळीनं आजार साधारण ८ महिने आवरला, जोडीला केमो दिली तेव्हा १६. मुळासकट मात्र तो जात नाही.

वेदनाशमन विभागाचं नाव निघताच मी उठलो होतो. वाटलं, यांनी हात टेकले. तेही चुकलं. अशाच पसरलेल्या आजाराच्या १५१ रुग्णांवरचा बोस्टनचा अभ्यास २०१० साली आला. ज्यांच्या दुखण्याची, दम लागण्याची, मनाच्या घालमेलीची काळजी अशा विभागानं पहिल्यापासून घेतली, त्यांच्या जगण्याचा मध्य ११.६ महिने होता, इतरांचा ८.९.

परतीच्या गाडीत अण्णांना खरं सांगितलं. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून ते म्हणाले, "आधीच म्हणायचं ना लेका. वावराच्या वाटण्या राहिल्यात."

वाटण्या त्यांनी स्वतः केल्या. बहिणीशी तुटलेलं बोलणं जोडलं. दोन रब्बी पाहिल्या, दुसऱ्या वर्षीचा हुरडा खाल्ला, मग गेले.

आता गावात कुणी असा रिपोर्ट घेऊन आला, की मी दोनच गोष्टी विचारतो. गाठीची तपासणी झाली का? आणि ज्याचा आजार आहे, त्याला सांगितलं का?