हाताशीं असलेला ग्रंथ

ग्रंथ साद्यन्त वाचावा हें खरें. परंतु त्यांतील एखादा उतारा चार माणसांत मोठ्यानें वाचण्यांत एक निराळाच लाभ आहे. जी गोष्ट घरांतल्या घरांत एकमेकांच्या तोंडावर बोलतां येत नाहीं, ती ग्रंथाच्या मुखानें सहज बोलली जाते. चातुर्मासांत पोथी लावण्याच्या प्रघातामागें पुण्याबरोबर हेंही शहाणपण असावें असें आम्हांस वाटतें.

गेल्या महिन्यांत आमच्या हाताशीं कै. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें पुस्तक होतें. १८७३ सालीं महादेव गोविंद रानडे यांच्याशीं विवाह झाला, तेव्हां रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांस अक्षरओळखही नव्हती. पतीनें स्वतः शिकविण्यास आरंभ केला. परंतु दिवस काढावयाचा तो सासरच्या बायकांत. पुढें इंग्रजीचा अभ्यास सुरू झाल्यावर तर घरांतील स्त्रियांचा रोष अधिकच वाढला. रमाबाईंनीं तें बोलणें सोसलें, पण अभ्यास सोडला नाहीं. पतिनिधनानंतर नऊ वर्षांनीं, १९१० सालीं, त्यांचें हें पुस्तक प्रसिद्ध झालें.

हा भाग आम्ही एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर माजघरांत वाचला. धाकट्या सूनबाईंनीं परीक्षेस बसावें कीं नाहीं, यावरून त्या सुमारास घरांत धुसफूस होती. विरोध मुख्यतः आमच्या वहिनींचा. वाचन संपलें तरी कोणी बोलेना. अखेर वहिनीच म्हणाल्या, "भाऊजी, रमाबाईंना शिकविणारे यजमान मिळाले. त्या टोचून बोलणाऱ्या बायकांच्या हातीं कोणीं कधीं पाटी दिली होती का?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वहिनींना चौथीनंतर शाळेंतून काढलें होतें, हें सर्वांस ठाऊक होतें; त्याचें शल्य अद्याप ताजें आहे, हें त्या रात्रीं कळलें. सूनबाई उठल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

परीक्षेचा अर्ज गेला. धुसफूस अगदींच थांबली असें नाहीं. परंतु आतां संध्याकाळीं दोघी मिळून तेंच पुस्तक पुढें वाचतात, आणि चष्मा वहिनींच्या नाकावर असतो.

वाचकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, उत्तम ग्रंथाच्या शोधांत दिवस घालवूं नयेत. जो हाताशीं असेल तोच उघडावा, पानभर मोठ्यानें वाचावें, आणि मग आपण गप्प बसून घरची माणसें काय बोलतात तें ऐकावें.