सूर्यास्त आणि सौ.

"सांतोरिनीला येऊन नावेत बसायचे नाही, हे कसे चालेल?" असे म्हणत सौ.ला मी कसेबसे नावेत चढवले. १९६१ साली पानशेतचे पाणी तिच्या पुण्यातल्या माहेरी शिरले, तेव्हापासून तिने पाण्याचा धसकाच घेतलेला. त्यात कप्तान म्हणाला, "खाली ज्वालामुखी आहे!" साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या स्फोटात बेटाचा मधला भाग समुद्रात गेला म्हणे! सौ.ने माझा हात घट्ट धरला.

सूर्य टेकला, कड्यावरचे ईया गाव केशरी झाले. १९५६ च्या भूकंपात ते बरेचसे कोसळले होते.

"आणि माणसांनी पुन्हा तिथेच घरे बांधली?" सौ.ने विचारले.

मी मान डोलावली.

"आमच्या नानांनी तरी दुसरे काय केले!" ती म्हणाली आणि माझा हात सोडून कठड्याशी जाऊन उभी राहिली.